पाण्यातल्या घोड्याच्या घुगऱ्या

मुलांनो, गोष्ट ऐकायची तर आधी एक काम करावं लागेल. डोळे मिटा. मिटले? चोरून बघू नका हं. आता समजा, तुम्ही पाण्याच्या तळाशी उभे आहात. श्वास कोंडत नाही, कपडे भिजत नाहीत, नाकात पाणी जात नाही. डोक्यावरून एक मासा सावकाश चालला आहे आणि त्याचं पांढरं पोट तुम्हाला खालून दिसतं आहे. दिसलं? छान. आता त्याच पाण्यात एक घोडा उभा करा.

कसा उभा केलात? चारी खूर वाळूत रोवलेले, आयाळ पाण्यात पसरलेली, नाकपुड्यांतून बुडबुडे निघताहेत, असाच ना?

आष्टा गावच्या मनूनंही अगदी तस्साच उभा केला होता. आणि त्यामुळंच पुढचा सगळा घोटाळा झाला.

ही गोष्ट मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, नुकतीच संपली होती तेव्हाची. मनू असेल नऊ-दहा वर्षांची. तिचा काका कृष्णात पलटणीत हवालदार होता आणि बऱ्याच काळानं रजेवर घरी आला होता. काका आला की मनूची दिवाळी. तो रोज संध्याकाळी देवळापुढच्या कट्ट्यावर बसून नवी गोष्ट सांगायचा, आणि सगळे मन लावून ऐकायचे. मनू त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि मनातल्या मनात सगळीकडं हिंडून यायची.

एका संध्याकाळी काकानं मद्रासची गोष्ट काढली. लढाईच्या सुरुवातीला त्याची पलटण तिकडं होती.

"तितं समुद्राच्या काठाला एक घर हाय," काका म्हणाला. "पर घरात माणसं ऱ्हात न्हाईत. मासं ऱ्हात्यात."

"भाडं देत्यात का रं?" नानासोंनी विचारलं.

कट्टा हसला. हे नानासो म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. मिशा मोठ्या, पोट मोठं आणि हसणं त्याहून मोठं. मनात वाकडं काही नसायचं, पण कुणाची फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा चहा पचत नसे.

"हसू नगा. भिंतीभिंतीत काचंचं हौद हायत," काका सांगत राहिला. "आपुन कोरडं, पाणी काचंपल्याड. मासा येतो आन् तुमच्या डोळ्याला डोळा लावून बघतो. आन् नानासो, काय सांगू, म्या पाण्यात घोडा बघितला."

"घोडा?"

"घोडा. मान हाय, तोंड हाय, पाण्यात ताठ उभा ऱ्हातो, आन् तो हाय..."

किती मोठा आहे, हेच काका सांगणार होता. पण सांगू दिलं तर ना! कट्ट्यावर असा हशा फुटला की देवळावरची कबुतरं उडाली.

"पाण्यात घोडा! मग तांगाबी आसंल की रं!"

"व्हय, आन् आपला रसूल हाकत आसंल!"

रसूलचाचा म्हणजे गावचा तांगेवाला. तो गालात हसत म्हणाला, "माजी घोडी वड्यात पाय घालायला तयार न्हाई गड्या. समुद्रात कुटली जाती!"

त्या दिवसापासून काकाचं नाव पडलं घोडेवाला हवालदार. तो रस्त्यानं निघाला की मागून पोरं खिंकाळायची. तो दुकानात गेला की कुणीतरी विचारायचं, "हवालदार, खरारा करायला समुद्रात कवा जायचं?" काका हसण्यावारी न्यायचा. पण संध्याकाळी कट्ट्यावर जायचं त्यानं सोडून दिलं. घरी बसून बूट पुसायचा. चकचकीत झालेले बूट पुन्हा पुसायचा. मनू गुडघ्याला टेकून म्हणायची, "काका, गोष्ट सांगा की." काका म्हणायचा, "गोष्टी संपल्या गं मने."

काकाला चिडवलेलं मनूला चाललं असतं. पण काकाच्या गोष्टी संपल्या, हे तिला अजिबात चालत नव्हतं.

अशातच बाजाराच्या दिवशी दवंडी आली. हलगी वाजवत एक माणूस ओरडत होता, "ऐका हो ऐका! सांगलीत प्रदर्शन! रत्नागिरीच्या समुद्रातले जिवंत मासे! काचेच्या मोठमोठ्या हौदात! बायकापोरांनी, लहानथोरांनी बघून जावं!"

नानासोंनी भर बाजारात मांडीवर थाप मारली. "कृष्णात! आरं आला की तुजा घोडा सांगलीला!"

काका काही बोलायच्या आत मनू पुढं झाली. तिचे कान लाल झाले होते.

"हायच मुळी घोडा! माज्या काकानं बघितलाय!"

"आन् नसला तर गं?"

"नसला तर तुमी सांगाल ते!"

नानासोंच्या मिशा थरथरल्या. त्यांना इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती. "ऐका रं समद्यांनी! मी माज्या घोडीचा तोबरा घिऊन येतो, भिजवल्यालं हरबरं भरून. सांगलीत पाण्यात घोडा दिसला, तर हरबरं त्या घोड्याचं. न्हाई दिसला, तर तोबरा हवालदाराच्या तोंडाला! आन् तसाच गावातनं मिरवायचा. कबूल?"

तोबरा ठाऊक आहे ना? घोड्याला चंदी चारायची जाड कापडाची पिशवी. तिला वर दोरी असते. पिशवी तोंडाला लावायची, दोरी कानांमागून अडकवायची, की घोडा उभ्याउभ्या खातो. आणि तोंडाला तोबरा असला की कुणाला बोलता येत नाही, म्हणून तर नानासोंना तो सुचला. गप्पा मारणाऱ्याचं तोंड बंद!

"कबूल!" मनू म्हणाली.

घरी येताना काका डोक्याला हात लावून म्हणाला, "मने, काय केलंस गं हे! मद्रासला व्हता म्हणून सांगलीत आसंलच कशावरनं? आन् मी म्हंतो तो घोडा म्हंजी..."

मनूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला कायबी सांगू नगा! तुमी बघितलाय म्हंजी हाय!" आणि ती धूम घराकडं पळाली. सांगायचं ते पुन्हा राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे निम्मं आष्टं सांगलीला निघालं. पुढं रसूलचाचाचा तांगा. तांग्यात नानासो, मांडीवर टंच भरलेला तोबरा, जणू जावयाच्या घरी आहेर घेऊन चालले आहेत. मागं बैलगाड्या. मनू आईजवळ, म्हणजे चंद्राबाईजवळ, पहिल्या गाडीत बसली होती. काका शेवटच्या गाडीत. मनूच्या शेजारी तानुबाई होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, अशी ही सुईण. तिच्या मांडीवर भाकरीचं भलं मोठं गाठोडं होतं.

"एवढ्या भाकरी कशाला गं म्हातारे?" चंद्राबाईनं विचारलं.

"कोरड्यास तितं मिळंलच की. मासं दावत्यात म्हंजी तळूनबी देत असतील."

"आगं खायाचं न्हाईत ते! बघायचं हायत!"

"मासं? नुसतं बघायचं?" तानुबाईनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "आन् त्यासाठी तिकीट?"

उन्हं वर आली तेव्हा गाड्या आयर्विन पुलावर चढल्या. खाली कृष्णेचं पाणी संथ होतं. मनू गाडीतून वाकून वाकून बघत होती. पाण्यात पूल दिसत होता, गाड्या दिसत होत्या, रसूलचाचाचा तांगाही उलटा दिसत होता. 'तो बघा पाण्यातला घोडा!' असं कुणीतरी ओरडलं आणि पूलभर हशा पिकला. मनूलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. पैज होती ना!

प्रदर्शन एका रिकाम्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं. पूर्वी तिथं कापसातली सरकी काढायचे. शेड अशी लांब, की या टोकाहून त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये. खिडक्यांना आतून गोणपाटं ठोकली होती. बाहेर लखलखीत ऊन, आत एकदम अंधार. दारातून आत पाऊल टाकताच तानुबाईनं मनूचा दंड घट्ट धरला.

"दिवा कुटं हाय गं?"

दिवा हौदांत होता. दोन्ही भिंतींना काचेचे हौद ओळीनं उभे होते, काही कपाटाएवढे, काही बैलगाडीएवढे. वरच्या पत्र्याला झरोके पाडले होते आणि उन्हाचे पट्टे सरळ पाण्यात उतरत होते. त्या पाण्यातून हिरवा-निळा उजेड बाहेर सांडत होता. माणसांच्या तोंडांवर, मुंडाशांवर, नानासोंच्या मिशांवर लाटा हलत होत्या. गाडीत एवढा कालवा करणारी माणसं इथं देवळात शिरल्यासारखी हळूहळू पुढं सरकू लागली.

मग पहिल्या मोठ्या हौदात काहीतरी हललं. तळाची वाळूच उठली म्हणा ना. वाळत घातलेलं धोतर वाऱ्यानं उडावं, तसा एक चपटा रुंद प्राणी वाळूतून उठला आणि पाण्यात तरंगत वर गेला. त्याला ना डोकं वेगळं, ना पाय. नुसते दोन पंख आणि चाबकासारखी शेपटी.

"पाखट म्हणतात याला," अंधारातून आवाज आला. "शेपटीला काटा आहे. लांबून राम राम करा."

दाराजवळच, हौदांच्या मधल्या जागेत एक माणूस स्टुलावर बसून सायकलच्या पंपानं हवा मारत होता. पंपाची रबरी नळी हौदात गेली होती आणि पाण्यात बुडबुडे फुटत होते. हा पीरमहंमद. रत्नागिरीकडचा खलाशी. आता मासे सांभाळायचं काम करत होता. त्यानंच समुद्राचं पाणी पिपांत भरून, घाट चढवून इथवर आणलं होतं.

"मासं दमत्यात का, हवा भरायला?" रसूलचाचानं विचारलं.

"कोंडलेलं पाणी शिळं होतं. समुद्रात लाटा हवा भरतात. इथं लाटांचं काम माझ्याकडं." आणि त्यानं पंप पोरांपुढं धरला. "कोण मारतं?"

मग काय, पोरांची झुंबड उडाली. आणि मोठी माणसंही सुटली! या हौदाकडून त्या हौदाकडं नुसती पळापळ. केंड नावाचा मासा होता. पीरमहंमदनं पाण्यात काठी फिरवली तसा तो रागानं फुगत फुगत गेला आणि टमटमीत चेंडू झाला. "आगं बया, हे तर नानासोच!" तानुबाई मोठ्यानं म्हणाली, आणि नानासोंसकट सगळे हसले. मग नानासोंनी काचेला नाक लावून स्वतःचे गाल फुगवून बघितले. एका हौदात मोठ्या कोळंबीसारखा शेवंड होता, लांबच लांब मिशांचा. त्याच्यापुढं नानासोंनी आपल्या मिशांवर हात फिरवला आणि हार कबूल केली. एक बारकी मुशी, लहानसा शार्कच म्हणा ना, गस्त घातल्यासारखी फेऱ्या मारत होती. तानुबाईनं प्रत्येक हौदापुढं थांबून "तू कोण रं बाबा? आन् तू?" असं विचारायला सुरुवात केली होती. भाकरीचं गाठोडं ती केव्हाच विसरली होती.

आणि मनू? मनूला चक्कर आल्यासारखं झालं होतं, पण गोड चक्कर. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत ना, तसं. ती हसत होती आणि का हसते आहे ते तिलाच कळत नव्हतं. एक चंदेरी माशांचा थवा तिच्यापुढून वळला. सगळे एकदम वळले, जणू कुणी आतून शिट्टी मारली. तिनं डावीकडं पळून बघितलं, तेही डावीकडं आले. ती उजवीकडं पळाली, तेही आले. घोडा, पैज, तोबरा, सगळं तिच्या डोक्यातून धुऊन निघालं होतं.

शेडचं दुसरं टोक आलं. शेवटच्या हौदात मोठं कासव होतं. त्यापुढं भिंत.

"मग?" नानासो म्हणाले. "घोडा कुटं हाय?"

मनू चवड्यांवर उभी राहिली. तिनं वळून बघितलं. एवढे हौद, एवढे मासे, आणि घोडा एकातही नव्हता. तिनं प्रत्येक मोठ्या हौदात बघितलं होतं. घोडा म्हणजे काय टाचणी आहे, नजरेतून सुटायला?

नानासोंनी तोबरा वर उचलून हलवला. हरभऱ्यांचा आवाज झाला. "हवालदार, या फुडं!"

काका पुढं आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. परेडवर उभा राहावा तसा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पैज ती पैज. बांधा."

"कृष्णात, आरं मी गंमत..." आता नानासोच जरा घुटमळले.

"बांधा. पोरीनं शब्द दिलाय. माज्यापायी दिलाय."

मनूच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आणि तेवढ्यात तिला एक गोष्ट आठवली. मघाशी सगळे मोठमोठ्या हौदांपुढं नाचत होते, तेव्हा काका एकटाच बारक्या हौदांपाशी वाकत होता. एकेका हौदापुढं थांबायचा, शेवाळात डोकावायचा, मान हलवायचा आणि पुढं जायचा. तेव्हा तिला वाटलं होतं, काका वेडा आहे का? एवढ्याशा हौदात घोडा मावेल कसा?

आता तिला वाटलं, काकाला ठाऊक असेल तर?

"थांबा!" मनू ओरडली आणि उलटी पळत सुटली. बारके हौद, बारके हौद! एकात गोगलगायी. एकात खेकडे. एकात फुलासारखं काहीतरी. पळत पळत ती पार दाराशी आली. तिथं पिपांच्या आडोशाला, पीरमहंमदच्या स्टुलामागं, एक घागरीएवढा काचेचा हौद होता. त्यात एकही मासा दिसत नव्हता. नुसतं हिरवं-पिवळं शेवाळ. येताना सगळे त्याच्यावरून तसेच पुढं गेले होते, काकासुद्धा, कारण दारात गर्दी फार होती.

मनूनं काचेला नाक लावलं.

शेवाळ. शेवाळाची एक काडी. दुसरी काडी. तिसऱ्या काडीनं डोळा फिरवला.

मनू हलली नाही. शेवाळाला डोळा असतो का? डोळा पुन्हा फिरला, आणि मग त्या डोळ्याभोवती हळूहळू एक तोंड दिसायला लागलं. लांबट, पुढं आलेलं. मग बाकदार मान. मानेवर तुरे, आयाळच जणू. फुगीर पोट. आणि खाली शेपटीचा वेढा, शेवाळाच्या काडीला घट्ट आवळलेला. पाण्यात ताठ उभा. अगदी काका म्हणाला होता तसा.

आणि असा केवढा? मनूच्या करंगळीहून थोडासा मोठा!

मनूला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही एकदम केलं. "काका! घोडा! काका, घोडा! ह्यो बघा, बारका हाय! लय बारका हाय!"

सगळं आष्टं तिकडं धावलं. त्या घागरीएवढ्या हौदावर इतकी डोकी वाकली की पीरमहंमदला ओरडावं लागलं, "काच आहे हो! काच!"

काकाचं तोंड असं उजळलं, जणू कुणी आतून कंदील लावला. "ह्योच! आवं ह्योच! हेच सांगत व्हतो, बोटाएवढा हाय म्हणून! तुमी हसायचं थांबलाच न्हाईत!"

"ह्यो घोडा?" नानासो म्हणाले. "ह्याच्यावर बसायचं कुणी, मुंगीनं?"

"रसूलला इचारा!" कुणीतरी म्हणालं. "घोड्यातलं त्यो सांगंल!"

रसूलचाचा गुडघ्यावर बसला. त्यानं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बाजारात घोडा पारखावा तसा बघितलं.

"मान घोड्याची," रसूलचाचा म्हणाला. "तोंड घोड्याचं. खूर न्हाईत, म्हंजी नालेचा खर्च वाचला. घोडा हाय नानासो. जातिवंत हाय."

"समुद्रघोडा," पीरमहंमद म्हणाला. "तसा मासाच आहे. पण सगळे घोडाच म्हणतात. हा नर आहे."

तेवढ्यात तानुबाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं हौदात बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नर कसला? पोट बघा की ह्याचं. दिवस भरल्यात."

"आजी, नरच आहे. यांच्यात पिल्लं बाप सांभाळतो. पोटावर पिशवी असते याला. आई अंडी त्या पिशवीत ठेवते आणि..."

"काय म्हंतोस!" तानुबाई किंचाळली. "बाप्याला पोटावर पिशवी?"

"म्हंजी तोबरा!" रसूलचाचा ओरडला. "नानासो, ह्यानं तोबरा आधीच बांधलाय!"

हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. आणि त्याच वेळी, मुलांनो, तो एवढासा घोडा विचित्र वागू लागला. पुढं वाकायचा, मागं ताणायचा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. तानुबाईनं दोन्ही हात आडवे केले. "सरा मागं! हवा येऊ द्या! कळा सुरू झाल्यात!"

पीरमहंमदनं गर्दीला कोपरानं मागं सारलं आणि तो हौदावर वाकला.

घोडा पुन्हा एकदा वाकला, आणि त्याच्या पोटाच्या पिशवीतून, तापल्या कढईतून लाही उडावी तसं, काहीतरी फट्कन बाहेर उडालं. केसाएवढं. ते पाण्यात सरळ झालं. त्याला मान होती. त्याला तोंड होतं. तो घोडाच होता! मग दुसरं उडालं. मग एकदम मूठभर. फट्, फट्, फट्! सगळ्या हौदात केसाएवढे घोडे ताठ उभे राहून वरखाली नाचायला लागले.

"बाप्या बाळंत झाला!" तानुबाईनं दोन्ही हात वर करून शेडभर जाहीर केलं. "आवं, बाप्या बाळंत झाला! माज्या उभ्या जल्मात असलं बाळंतपण बघितलं न्हाई! सुखरूप हाय! समदी सुखरूप हायत!"

गर्दीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. चंद्राबाईला तर हसून हसून उचकी लागली. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका कायतरी!" पुरुष डोकी खाजवत हसत होते. पोरं खिंकाळत होती, आणि या खेपेला काकाही त्यांच्यात सामील झाला. त्यानं असं खणखणीत खिंकाळून दाखवलं की बाहेर बांधलेल्या रसूलचाचाच्या घोडीनं उत्तर दिलं.

या सगळ्या गोंधळात नानासो तोबरा धरून उभे होते. "पैज मी हरलो," ते म्हणाले. "हरबरं ह्या घोड्याचं. पर ह्याला चारू कसं? एक हरबरा ह्याच्या अंगावर पडला तर मरंल की."

तानुबाई त्यांच्याकडं वळली. "चारताय कशाला? आवं, पोरं झाल्यात त्याला! पोर झालं म्हंजी आपल्यात काय वाटत्यात?"

नानासोंच्या लक्षात आलं. मग सगळ्यांच्याच आलं. बारशाला घुगऱ्या वाटायच्या असतात, आणि घुगऱ्या कशाच्या? हरभऱ्याच्या!

"पर बारसं बाराव्या दिवशी आसतंय," नानासोंनी सुटायचा एक प्रयत्न केला. "आन् हे शिजवल्यालंबी न्हाईत."

"बाराव्या दिशी परत येणार हायसा व्हय? आन् दात हायत की लोकांना! वाटा!"

नानासोंनी मिशीवर हात फिरवला. मग ते असे मोकळे हसले, असे हसले, की तिकडं केंडसुद्धा फुगला असेल. त्यांनी तोबरा गळ्यात अडकवला आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळखीच्याला आणि अनोळख्यालाही, ते ओंजळी ओंजळीनं भिजवलेले हरभरे वाटत सुटले. "घ्या, घ्या! घोड्याला पोरं झाली! घोड्याच्या घुगऱ्या! आमच्या कृष्णात हवालदाराचा घोडा हाय, घ्या!" सांगलीची शहाणीसुरती माणसं बावरून हात पुढं करत होती. तानुबाईच्या भाकरीही त्याच पंगतीत संपल्या.

मनू मात्र हौदापासून हलली नव्हती. पीरमहंमद पिलांना वाटीनं दुसऱ्या हौदात घेत होता.

"चाचा, समुद्रात आसलं आनखी काय काय हाय?"

"मला तरी कुठं सगळं ठाऊक आहे? सारा जन्म समुद्रात काढला, तरी रोज नवीन काहीतरी जाळ्यात येतं." त्यानं वाटी अलगद कलती केली. "तुझ्या गावाला नदी आहे?"

"वडा हाय."

"त्यात काय काय आहे?"

"मासं," मनू म्हणाली.

"कसले मासे?"

ती रोज ओढ्यावर जायची. धुणं धुवायला जायची, म्हशीला पाणी पाजायला जायची. पण आत काय आहे?

"बारकं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. घोडा बारका होता म्हणून तर सगळ्यांना दिसला नव्हता!

पीरमहंमदही हसला. "बघ एकदा वाकून. मग मला सांग. तुमच्या ओढ्यातले मासे मी तरी कुठं पाहिलेत?"

परतताना गाड्यांचा क्रम बदलला. तांग्यात नानासोंच्या शेजारी काका बसला, कारण नानासोंनी त्याला हाताला धरून वर ओढलं होतं. "हवालदार, मद्रासला आनखी काय बघितलंस ते सांग. समदं सांग. मदी कोण हसलं तर त्याला तांग्याखाली घालतो." आणि पूल ओलांडून आष्टं येईपर्यंत काका बोलत राहिला. गोष्टी काही संपल्या नव्हत्या. मागच्या गाड्यांतली माणसं ऐकू यावं म्हणून बैलांना दामटत होती.

मनूनं मात्र या खेपेला गोष्टी ऐकल्या नाहीत. ती गाडीत बसून विचार करत होती. तिच्या मांडीवर रिकामा तोबरा होता. नानासोंनी तो तिला बक्षीस देऊन टाकला होता. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरून बघितला. कापड जाड होतं. वीण घट्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोबरा घेऊन ओढ्यात शिरली, गुडघाभर पाण्यात. दोरी धरून तिनं तोबरा तळाशी सोडला आणि दगडासारखी स्तब्ध उभी राहिली. वाकून, नाक पाण्याला टेकवून. बराच वेळ काही झालं नाही. मग तळाच्या वाळूचा एक कण सरकला आणि त्या कणाला डोळा होता.

मनूनं झपकन तोबरा वर ओढला. पाणी गळत होतं, पण हळूहळू. तशीच ती ओल्या पायांनी घराकडं धावली. काकानं पलटणीच्या कँटीनमधून आणलेली मुरंब्याची काचेची बरणी फडताळात होती. तळाशी राहिलेला मुरंबा तिनं बोटानं चाटून संपवला, बरणी घासली आणि तोबरा तिच्यात रिकामा केला. गढूळ पाणी निवळेपर्यंत ती उंबऱ्यात मांडी घालून बसली. मग तिनं काचेला नाक लावलं, आणि आतून मिशा असलेलं काहीतरी तिच्या डोळ्याला डोळा लावून बघू लागलं.

मनू उठली. तिनं आईची पितळी थाळी उचलली, लाटणं उचललं, आणि थाळी बडवत गल्लीतून निघाली, "ऐका हो ऐका!"